दोन किलोमीटरचा रस्ता

"अरे ए, तुझी गाडी जळतेय!"

इन्केरीनं काचेवर टकटक केली तसा आतला माणूस दचकला. काच खाली आली. झोप न झालेले करडे डोळे, उलटी घातलेली लोकरी टोपी…

"जळतेय? कुठे?"

"नाकाला विचार. जळक्या तेलाचा वास पार त्या पावाच्या दुकानापर्यंत येतोय. तुला नाही येत?"

"येतो ना. मला वाटलं, जुन्या गाड्यांना यायचाच."

"जुन्या गाड्या खोकतात रे बाबा, जळत नाहीत. सरक तिकडे, मी चालवते. माझं गॅरेज त्या वळणावरच आहे."

झाली ही पहिली भेट. फिनलंडमधल्या कायानी गावातला जानेवारी, दुपारीच मावळलेला दिवस, नाकातला श्वास गोठवणारी थंडी आणि वर जळकं तेल. पण प्रेमाचं काय, ते हीटरच्या भोकातूनही आत शिरतं.

त्याचं नाव यार्नो. गाव सोडून हेलसिंकीला गेलेला, आता बापासाठी परतलेला. गाडी बापाचीच. बाप हॉस्पिटलात होता, छाती पार निकामी झालेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याला कुठे न्यायचं असेल तर लवकर न्या… म्हाताऱ्याची इच्छा एकच उरली होती. गावापासून लांब, तळ्याकाठच्या आपल्या सौनात, म्हणजे लाकडी वाफेच्या न्हाणीत, चुलीजवळच्या बाकावर एकदा बसायचं.

"परवा नेणार आहे," यार्नो म्हणाला. "पण त्याला गाडीत धूर नको. श्वास आधीच पुरत नाही."

इन्केरीनं बॉनेट उघडलं. इंजिनच्या वरच्या झाकणाखालून तेल झिरपत होतं आणि खालच्या तापल्या नळीवर पडून करपत होतं.

"झाकणाखालचं रबरी पॅकिंग गेलंय. जरा टॉर्च धर. इंजिनावर."

"धरलाय की."

"हा माझा कान आहे."

"हो का?" तो गंभीरपणे म्हणाला. "मला वाटलं, इथूनच दुरुस्ती सुरू होते."

इन्केरी हसली. तो कान मात्र चांगलाच लाल झाला, आणि टॉर्चच्या उजेडात ते लपणार तरी कसं! नवं पॅकिंग बसलं. जाताना तो वेलदोड्याचा गोड पाव तिच्या बाकड्यावर ठेवून गेला.

दुसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा दारात उभी. तोच वास.

"तुझ्या कामात खोट आहे," तो म्हणाला, "नाहीतर माझ्या नशिबात. पण तू दिसलीस, हे एक बरं झालं."

"थट्टा नको," इन्केरी म्हणाली. तिला स्वतःचाच राग आला होता. नवंकोरं पॅकिंग फाटून तेल बाहेर येत होतं. म्हणजे आतून काहीतरी ढकलत होतं. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी तिनं उपसून काढली. आत बर्फ, गच्च बसलेला.

"रोज किती चालवतोस गाडी?"

"घर ते हॉस्पिटल. दोन किलोमीटर."

"बस्स? आणि गाडीच्या पुढच्या जाळीवरचा पुठ्ठा कुठाय?"

"तो मळका पुठ्ठा? टाकून दिला…"

"टाकून दिला! अरे, हेलसिंकीनं तुझी अक्कल धुऊन काढली की काय? तुझ्या बापानं तो इंजिनला ऊब राहावी म्हणून लावला होता! एवढ्याशा फेरीत इंजिन तापत नाही, वाफ नळीत गोठते, नळी तुंबते, मग दाबानं तेल बाहेर." ती थांबली. आवाज खाली आला. "आणि मीही काय… इथलं शेंबडं पोरही आधी पुठ्ठ्याचं विचारतं. मी तुझ्याकडेच बघत बसले."

नवं पॅकिंग मिळायला दोन दिवस लागणार होते.

"तोवर माझी गाडी ने ना," ती म्हणाली.

यार्नोनं मान फिरवली. "तो दुसऱ्याच्या गाडीत नाही बसणार. विचारलं मी."

गाडी तयार झाली. इन्केरीनं ती घासूनपुसून लखलखीत केली, पण न्यायला कुणी आलं नाही. संध्याकाळी पावाच्या दुकानातल्या बाईनं सांगितलं, म्हातारा पहाटेच गेला. इन्केरी गॅरेजमध्ये परतली, त्या गाडीत बसली आणि ढसाढसा रडली. पहिल्याच दिवशी ती नळी पाहिली असती तर…

दफन झाल्यावर तो आला. काळा कोट, उतरलेला चेहरा.

"माझ्यामुळे त्याचं सौना राहिलं," ती एका दमात म्हणाली. "माझी चूक झाली, यार्नो."

"नाही." तो दाराशीच उभा राहिला. "तुझ्या गाडीचं मी त्याला विचारलंच नव्हतं. खोटं बोललो मी."

"का?"

"त्या बाकासाठीच तर तो तग धरून होता. एकदा बसला की… मग थांबणार कशासाठी? तेलाचा वास आला की मला सुटल्यासारखं वाटायचं. उद्यावर ढकलता यायचं. आणि तुझ्याकडे यायलाही कारण मिळायचं." त्यानं गाडीकडे पाहिलं. "तो रोज विचारायचा, गाडी झाली का? मी म्हणायचो, गॅरेजवाली लबाड आहे."

इन्केरीला राग आला, चांगलाच आला. एक मरणारा माणूस रोज वाट बघत होता, आणि हा…! तिनं हातातला पाना बाकड्यावर आपटला. पण समोरचा माणूस कोटाच्या बाहीला डोळे पुसत होता, आणि त्याला तसाच जाऊ देणं तिला जमेना.

"आता कुठे जाणार?"

"माहीत नाही. त्या दोन किलोमीटरच्या टोकाला आता कुणीच नाही."

ती कोपऱ्यात गेली. तिथं तिनं त्या गाडीच्या मापाचा पुठ्ठा कापून ठेवला होता. तो जाळीपुढे घट्ट बसवला आणि गाडीचं दार उघडलं.

"सरक तिकडे, मी चालवते. तळं किती लांब आहे?"

"साठ किलोमीटर."

"चांगलं आहे. इंजिन एकदा नीट तापू दे."

बर्फातून गाडी निघाली. अर्ध्या वाटेवर तो हळूच म्हणाला, "तू मला आवडतेस, इन्केरी. सांगायची ही वेळ नाही, पण…"

"वेळ वाईटच आहे," ती म्हणाली. रस्त्यावरची नजर तिनं काढली नाही, फक्त उजवा हात त्याच्या हातावर ठेवला. "पण मलाही तू आवडतोस. आता गप्प बस."

वास अजिबात आला नाही. तळ्याकाठी पोचून दोघांनी चूल पेटवली, लाकडं चांगली धगधगू दिली. मग बाकावर शेजारी शेजारी बसले, आणि चुलीजवळची जागा रिकामी ठेवली.