पिवळी खूण

बेट मोठं असलं, तरी त्याला वळसा घालणारा रस्ता एकच. समुद्राच्या कडेने निघायचं आणि समुद्राच्या कडेनेच परत यायचं. चुकायचं म्हटलं तरी चुकायची सोय नाही. या रस्त्यावरून पर्यटकांची बस फिरवायची आणि ती कुठे कुठे थांबवायची ते ठरवायचं, हे मामांच्या कचेरीतलं काम. मामांना मूलबाळ नव्हतं, दोन भाचे होते. यंदाची फेरी ज्याची चांगली जमेल त्याच्या हाती कचेरी द्यायची, असं त्यांनी जेवता जेवता, पाणी मागावं इतक्या सहज, सांगून टाकलं होतं.

तेव्हापासून थोरल्याच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

त्याला काम येत नव्हतं असं नाही. उलट कामात तोच पक्का. चढ, वळणं, स्वच्छतागृहं, दुपारचं ऊन बसच्या कुठल्या बाजूला येणार, सगळं तोंडपाठ. पण लोकांना आवडायचा धाकटा. धाकटा उशिरा यायचा, अर्धं काम विसरायचा, आणि तरी मामा त्याचा चहा झाकून ठेवायचे. थोरल्याच्या विनोदावर त्याची बायको ‘हं’ म्हणायची. धाकट्याने दारातून नुसतं ‘वहिनी’ म्हटलं की हसायला लागायची. यात वावगं काही नव्हतं. तेच तर थोरल्याचं दुखणं होतं. वावगं असतं तर निदान भांडता आलं असतं.

कचेरीची रीत अशी, की दोघांनी दोन गाड्यांतून उलट दिशांना निघायचं. जिथून देखावा उत्तम दिसेल तिथे रस्त्याच्या कडेला खडूने खूण करायची. थोरल्याचा खडू पांढरा, धाकट्याचा पिवळा. दोन्ही खुणा जिथे जवळजवळ येतील तिथे बसचा थांबा.

त्या दिवशी थोरला उजाडताच एकटाच निघाला. जाताना धाकट्याच्या गाडीची किल्ली खुंटीवरून काढून त्याने आपल्या खिशात टाकली. फेरी एकट्याची, म्हणजे कचेरीही एकट्याची.

मिठागरांपाशी तो उतरला आणि थबकला. रस्त्याच्या कडेला पिवळी खूण होती. दवाने सगळा डांबरी रस्ता ओला, खूण कोरडी. खिसा चाचपला, तर किल्ली जागच्या जागी.

तो खुणेवर उभा राहिला. मिठागराच्या एकेका चौकोनात आभाळाचा एकेक तुकडा बेतून बसवल्यासारखा दिसत होता. त्याची स्वतःची नेहमीची जागा पाच पावलं पुढे होती. तिथून बस वळवायला सोपी, एवढंच तिचं कौतुक.

“गेल्या वर्षीची असेल,” तो स्वतःशी म्हणाला. बुटाने त्याने पिवळी खूण पुसली आणि त्याच जागी पांढरी ओढली. खुणेचा मालक घरी घोरत असताना याला चोरी कोण म्हणणार?

पुढच्या वळणावर मावशींचं चहाचं दुकान. मावशी त्याला कित्येक वर्षं ओळखायच्या, आणि त्याला पाहिल्याबरोबर पहिला प्रश्न टाकायच्या, ‘धाकटे कुठे आहेत?’ आज त्यांनी तो विचारला नाही. टेबल पुसत म्हणाल्या, “फिरायला आलात वाटतं?”

“मावशी, मी आहे.”

“हो का? बसा ना. इथून समुद्र छान दिसतो.”

हे वाक्य त्या बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या. थट्टा करतायत, धाकट्याचीच शिकवणी असणार, असं त्याने ठरवलं. मग दुकानामागे गेला, तर तिथेही पिवळी खूण. तिथून समुद्र खरंच छान दिसत होता. ती पुसून, तिच्यावर पांढरी ओढून त्याने कचेरीत फोन लावला.

फोन धाकट्यानेच उचलला. “दादा, माझ्या गाडीची किल्ली पाहिलीस का रे? मामा म्हणतायत, डोकं शोध, त्याच्याच शेजारी सापडेल.” मागे मामा हसत होते.

“तू आहेस कुठे?”

“कचेरीत. किल्लीशिवाय काय पोहत येऊ? आणि निघालास तर मला हाक तरी मारायचीस.”

आवाजात राग औषधालाही नव्हता. थोरल्याला त्याचाच जास्त राग आला.

बेटाच्या टोकाला दीपगृह. तिथला रखवालदार शाळेत त्याच्याच बाकावर बसायचा. त्याने थोरल्याकडे पाहून खिडकीकडे बोट केलं. “तिकीट तिथे मिळेल.”

“अरे, मी! एका बाकावर बसायचो आपण.”

रखवालदार अदबीने हसला. “पुष्कळ पाहुण्यांना असं वाटतं, साहेब. बेट ओळखीचं वाटतं.”

थोरल्याने तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण दीपगृहाच्या पायथ्याशी पिवळी खूण होती. वारा माणसाला ढकलत होता, आणि खडूची भुकटी मात्र हललेली नव्हती. त्या जागेवरून दिसलं ते सोडून द्यायला त्याचं मन होईना.

त्याने तीही घेतली.

मग कड्यावरची घेतली. खाडीजवळची घेतली. एकाच रस्त्यावर समोरून कोणीही आलं नाही, आणि प्रत्येक खूण आधीच्या खुणेपेक्षा ताजी होती.

दिवेलागणीला तो गावात शिरला. कचेरीला कुलूप होतं. घराच्या गल्लीत गाडी लावली आणि उतरला, तर पायाशी पिवळी खूण. घरासमोर. फाटकाच्या बाहेर.

तो तिच्यावर उभा राहिला.

खिडकीत दिवा होता. टेबलाशी मामा. शेजारी धाकटा. बायको वाढत होती आणि हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. थोरल्याच्या खुर्चीवर, थोरल्याचाच निळा स्वेटर घालून, पाठमोरं कोणीतरी काही सांगत होतं.

इतकं सुखाचं घर त्याने आजवर पाहिलं नव्हतं. त्याला कडकडून हेवा वाटला.

सवयीने त्याने बुटाने खूण पुसली आणि खडूसाठी खिशात हात घातला. खडू संपला होता. धाकट्याची किल्लीही नव्हती.

आत, निळ्या स्वेटरातल्या माणसाने धाकट्यासमोर किल्ली धरली. सगळे पुन्हा हसले. किल्ली धरलेली बोटं पिवळी होती.

त्याने बायकोला हाक मारली. ती खिडकीशी आली, पडद्याला हात घातला आणि तिला तो दिसला. जाणाऱ्या बसकडे पाहून करतात तसा तिने हसून हात हलवला.

मग तिने पडदा पूर्ण ओढला नाही. बघणाऱ्यांसाठी थोडा उघडा ठेवला.