अमनची भिंत

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात, माझ्यासमोर घडलंय. रत्नागिरीत, राजिवड्याला. गेल्या वर्षीचा जानेवारी, संध्याकाळची, मगरिबच्या अजानच्या जरा आधीची वेळ.

माझी बहीण इफ्फतआपा. तिचा एकुलता एक मुलगा अमन, सात वर्षांचा.

शेवटच्या आजारात त्याचा आवाज गेला होता. काही हवं असलं की तो पलंगाला लागून असलेल्या भिंतीवर बोटांनी वाजवायचा.

टक... टक...

पलीकडे स्वयंपाकघर. आपा हातातलं काम टाकून धावायची. बहुतेक वेळा त्याला पाणीच हवं असायचं.

पावसाळा सरता सरता अमन गेला.

आणि त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर...

टक... टक...

"फैझान, आयकलंस?" आपा मला विचारायची.

मला काहीच ऐकू यायचं नाही. शेजारच्या हफीजाचाचीलाही नाही. पण आपा उठायची, ग्लास भरायची आणि रिकाम्या पलंगाशी जाऊन उभी राहायची. दिवसातून कितीदा तरी. तिचं जेवण सुटलं. झोप उडाली.

आपाचे मिस्टर नासिरभाई जहाजावर असायचे. मुलाच्या मातीलाही पोचू शकले नव्हते. रजेवर आले आणि बायकोची दशा बघून हादरले.

"ही भिंतच बंद करूया," म्हणाले.

स्टुडिओत आवाज शोषून घ्यायला लावतात ती जाड, कापडी पॅनेल त्यांनी मुंबईहून मागवली. मी मदतीला होतो. भिंत जांभ्याची. ड्रिल लावलं की लाल भुकटी अंगावर यायची. दोन्ही बाजूंनी भिंत मढवली. शेवटचं पॅनेल बसलं तशी खोली एकदम मुकी झाली. आपलंच बोलणं आपल्याला लांबून यावं तसं वाटायला लागलं.

आपा दारात उभी होती.

"आता त्याला तहान लागली तर?"

नासिरभाई ड्रिलची वायर गुंडाळत राहिले.

टकटक थांबली. आपा दोन घास खाऊ लागली, झोपू लागली. पण बोलायची बंद झाली.

मग ती संध्याकाळ...

मी सहज डोकावलो होतो. आपा स्वयंपाकघरात होती. नासिरभाई अमनच्या पलंगावर, पॅनेलला हात टेकून बसलेले.

अचानक ते ताठ झाले.

"फैझान... इकडं ये."

त्यांनी माझा हात धरून पॅनेलवर ठेवला.

आवाज नव्हता. अजिबात नव्हता.

पण कापडाखालून... तळव्याला काहीतरी लागलं.

हलकेच.

पुन्हा एकदा.

जोर नव्हता त्यात. दमलेल्या पोराच्या बोटांत असतो, तेवढाच.

मी हात मागे ओढला. नासिरभाईंनी नाही.

"अमन... मी हाय रे. बाबा हाय तुझा. आलो मी."

आणि त्यांनी पॅनेल ओरबाडायला सुरुवात केली. नखं तुटली, बोटं रक्ताळली. आपा धावत आली. तिने काही विचारलं नाही. तीही त्यांच्या बाजूला उभी राहून ओढू लागली.

भिंत उघडी झाली. लाल चिरे, स्क्रूची भोकं. बाकी काही नाही.

आम्ही तिघं कान देऊन उभे.

बाहेर अजान झाली. संपली.

भिंत गप्प होती.

तेव्हापासून गप्पच आहे. आपालाही आता काही ऐकू येत नाही. नासिरभाई परत जहाजावर गेलेच नाहीत. घरात टीव्ही लागत नाही. दोघं बोलतात तेही कुजबुजत.

ते काय होतं, मला सांगता येणार नाही. भिंतीला टेकून बसायचं मात्र मी सोडलंय.

गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा आपाने माझा उजवा हात हातात घेतला. तळवा उलटा करून बघितला.

"तुम्हा दोघांना त्याचा हात तरी लागला रे..." ती म्हणाली.

आणि माझा तळवा गालाला लावून कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.