घोट्याभोवतीची बोटं

आमचा एक्स-रे विभाग तळघरात आहे. वर ऊन असो की ढग, इथे ट्यूबलाइट आणि फिनेलचा वास. लग्नाची सुट्टी संपवून, बोटातली सैल अंगठी सांभाळत मी कामावर आले. सासूबाई रोज बजावतात, "दोरा गुंडाळ गं तिला, पडेल कुठेतरी."

आले तर पेशंटपेक्षा आमचेच लोक जास्त लंगडत येत होते. सगळे याच तळघराच्या जिन्यात पडलेले.

"पाय अडकला," प्रत्येक जण म्हणे. कशात, ते कुणालाच सांगता येईना.

आधी आल्या मोठ्या सिस्टर. घोटा नुसता मुरगळलेला. पण फोटोत त्याच्याभोवती आणखी काही फिकट हाडं होती. बोटांची. घट्ट आवळलेली.

"मशीन म्हातारं झालंय," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "माझ्यासारखं."

पुढच्याच आठवड्यात सिस्टर त्याच जिन्यात पुन्हा पडल्या. खुबा मोडला. लाँड्रीतल्या मावशींचंही तेच: आधी फोटोत बोटं, मग दुसरं पडणं. मावशी अजून शुद्धीवर नाहीत. ज्यांच्या फोटोत बोटं नव्हती, ते मात्र आठवड्याभरात ठणठणीत.

मी कुणाला बोलले नाही. नवी नवरी, आणि वर भुतं बघते, एवढंच व्हायचं राहिलं होतं.

आज सकाळी उतरताना माझाही पाय अडखळला. कठडा घट्ट धरला म्हणून वाचले.

आणि दुपारी दारात आमचे हे. ऑपरेशन थिएटरच्या ट्रॉल्या ढकलतात ते. एका पायावर उभे.

"जिन्यात?" मी विचारलं.

"बायकोला भेटायला काहीतरी निमित्त हवं ना?"

"अहो, थट्टा नको... पाय ठेवा इथे."

समोरून फोटो काढला. घोटा स्वच्छ, भोवती काही नाही. इतकं हलकं वाटलं की हसूच आलं मला. मग बाजूने एक काढला.

"झालं? जातो, वर ट्रॉली खोळंबलीय."

"लिफ्टने जा हं."

"हो गं बाई."

ते लंगडत बाहेर पडले आणि दुसरा फोटो स्क्रीनवर उमटला.

बोटं होती. आजवरच्यांपेक्षा ठळक. आणि त्यातल्या एका बोटाभोवती पांढरं, लख्ख कडं. एक्स-रेत धातू असाच दिसतो.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. बोट रिकामं होतं.

"अगं ए," जिन्याकडून त्यांचा आवाज आला. "लिफ्ट वरच अडकलीय... आणि तुझी अंगठी बघ, इथे पायरीवर पडलीय. थांब, वाकून घेतो."