गोठलेली खुर्ची

बटाटा भरून पाण्यात उकडलेल्या पिएरोगींची, म्हणजे पोलिश करंज्यांची, परात काझनं याद्विगापुढे ठेवली. प्रत्येकीच्या काठाला त्याच्या हातची दुहेरी मुरड होती. तेवढ्यात एमेट दार ढकलून आत आला.

"याद्विगाबाई, माझी खुर्ची कुणीतरी पाणी ओतून गोठवलीय!"

'आलं हे ध्यान,' काझ मनात म्हणाला. हा देखणा शेजारी जॉर्जियाहून शिकागोत आला काय, आणि रोज याद्विगाच्या गाडीपुरता रस्त्यावरचा बर्फ उकरून तिथे आपली खुर्ची ठेवू लागला काय! ती त्याच्याकडे बघून हसली की काझचा नुसता जळफळाट व्हायचा. तिचा गुप्तहेरीचा धंदा आपल्यासारख्या मदतनीसाच्या जिवावर चालतो, असं काझला वाटे. दुसऱ्या कुणालाच तसं वाटत नसे.

"सगळे 'डिब्स, डिब्स' करतात. ते आहे तरी काय?" एमेटनं विचारलं.

"पहिला हक्क," याद्विगा कोट चढवत म्हणाली. "पूर्वी पोरं हाडांचे तुकडे उडवून झेलायची. त्या खेळाच्या नावावरून शब्द आला म्हणतात. इथे जो उकरेल, त्याची जागा. खुर्ची जागेवर आहे तोवर डिब्स त्याचं."

बाहेर खुर्चीचे पाय बर्फाच्या लादीत रुतले होते. याद्विगानं वाकून लादीतून काहीतरी खरवडलं आणि रुमालात बांधलं.

शेजारच्या डोलनबाई फणकारल्या, "आधी माझ्या दारात उकरायचा मेला, आता फिरकत नाही! राग आहेच मला. पण माझे नळ परवापासून गोठलेत. चहापुरतं पाणी नाही घरात."

समोरच्या रॉस्कोनं प्लास्टरमधली दोन्ही मनगटं नाचवली. "पूर्वी ती जागा माझी होती! पण बायको मला घास भरवते. पाणी कोण ओतणार?"

"हाच खोटारडा," काझ घाईनं म्हणाला.

काझ आणि एमेटसह घरी येऊन याद्विगा परातीपाशी बसली. "रस्त्यावरचे नळ हिवाळ्यात बंद. म्हणजे पाणी कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं. डोलनबाईंकडे पाणी नाही, रॉस्कोचे हात चालत नाहीत. आणि लादीत हे सापडलं."

रुमालात उकडलेल्या पिठाचा तुकडा होता. काठाला दुहेरी मुरड.

"अशी मुरड गल्लीत एकच माणूस घालतो."

काझचा चेहरा खर्रकन उतरला. "हो, मीच ओतलं! इतकी वर्षं मी तुझ्याबरोबर, आणि हा कोण कुठला? बघवत नव्हतं मला."

"मग कधी बोललास? कधी फावडं उचललंस?"

काझनं आपली ताटली पुढे ओढली.

एमेट खाकरला. "माझ्या जागेचं काय?"

"खुर्ची हलते?"

"छे! बर्फ वितळेपर्यंत नाही हलायची."

"मग तोवर डिब्स तुझंच. काझनंच पक्की बसवलीय," याद्विगा म्हणाली आणि काझची ताटली तिनं एमेटपुढे सरकवली.