मागच्या दारातली म्हैस

“याला एकदा कुणाला तरी दाखवून घ्या हो. आणि तुम्हीही एकट्यानं ओढू नका हे सगळं,” बालवाडीतल्या बाईंनी वेदांतच्या आईला, रेश्माला, बजावलं होतं. त्या वेळी वेदांत टेबलावर चढून पंख्याला हात पुरतो का, ते बघत होता.

“अहो बाई, याचा मामा लहानपणी अस्साच होता!” रेश्मा हसून म्हणाली होती. “आता बँकेत आहे!”

मामा अजूनही बँकेतच आहे. वेदांत मात्र आता पाचवीतून सहावीत चाललाय, आणि मे महिन्याच्या त्या सकाळी नांदे गावातल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी साचलं होतं.

“वेद्या! टँकरचा कॉक कुणी फिरवला?” जान्हवी ओरडली. ती सातवीत होती आणि सुट्टीतल्या टोळीची पुढारी.

“मी! म्हणजे... मला फक्त बघायचं होतं, पाणी किती जोरात येतं ते!”

“मग? बघितलंस?”

“खूपच जोरात येतं गं!”

साहिल पोट धरून हसत सुटला. टोळीतली चौथी, किमया, पाण्यात उभी राहून आभाळाकडे बघत होती. तिची एक चप्पल तरंगत गेटपर्यंत पोहोचली होती. तिला पत्ताच नव्हता!

तेवढ्यात किमयाची आई, हेमलताकाकू, तरातरा खाली आल्या. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी. “मे महिन्यात टँकरचं पाणी रस्त्यावर! रेश्मा, मुलाला आवर घालता येत नसेल तर तसं सांग. कमिटीला काहीतरी ठरवावं लागेल!”

रेश्मा खराटा घेऊन पाणी लोटत राहिली. तिच्याकडे बघून साहिलचं हसूही विरलं.

संध्याकाळी जिन्यात बसल्या बसल्या वेदांत एकदम म्हणाला, “मला सोमवारी साताऱ्याकडच्या हॉस्टेलला सोडणारेत. कायमचं. म्हणजे दहावीपर्यंत.”

“काय?” तिघंही किंचाळली.

“तिथं शिस्त लावतात. आई म्हणाली, छान असतं. पण म्हणताना रडत होती. छान असतं तर रडते कशाला? मला काही कळतच नाहीये.”

कुणालाच काही कळेना. वेदांत नसला तर फिल्डिंग कोण करणार? गच्चीत अडकलेला पतंग कोण काढणार? आणि खरं सांगायचं तर, वेदांतशिवाय सुट्टीला सुट्टी म्हणणार कोण?

“तुझ्या आईशी आपण बोलू या,” जान्हवी म्हणाली. “उद्या शनिवार, घरी असतील त्या.”

“नसते. शनिवारी दुपारी ती ऑफिसला जाते.”

जान्हवीचे डोळे बारीक झाले. “माझे बाबा त्यांच्याच कंपनीत आहेत, वेदांत. शनिवारी ऑफिस बंद असतं. बाबा दुपारभर घोरत पडलेले असतात!”

मग साहिल हळूच म्हणाला, “मग जातात कुठं?”

दुसऱ्या दिवशी रेश्माची स्कूटर गेटबाहेर पडली आणि पाठोपाठ चार सायकली! रेश्मानं तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता, त्यावर गॉगल, हातात मोजे. पुण्याकडच्या उन्हात सगळ्याच बायका असं बांधून घेतात. खुद्द नवऱ्यालाही बायको ओळखू येऊ नये, असा तो अवतार!

स्कूटर ऑफिसकडे, हिंजवडीला जाणाऱ्या रस्त्याला लागलीच नाही. ती उसाच्या कडेनं कच्च्या वाटेला वळली आणि एका बैठ्या चाळीपुढे थांबली. पुढे ओटा, मागे गोठा. ही चाळ तुळजाबाईंची. जमीन थोडी विकली तेव्हा त्यांनी या खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. रेश्मा स्कार्फ न सोडताच कोपऱ्यातल्या खोलीत शिरली.

“बाहेर पाटी नाही. नक्की भोंदूबाबा!” साहिल कुजबुजला. “अंगारे-धुपारे करत असणार!”

चौघं वाकून खिडकीखाली गेली. आत धूप नव्हता, बाबाही नव्हता. आतून एका बाईंचा शांत आवाज येत होता. रेश्मा त्यांना ‘अनुष्काताई’ म्हणत होती. त्या मुलांच्या समुपदेशक होत्या.

“हॉस्टेलचं ठरवलं मी,” रेश्मा म्हणाली. “दमले हो. सकाळी दात घासायला लावण्यापासून जी लढाई सुरू होते... ओरडते, मग मलाच रडू येतं. नातेवाईक म्हणतात, लाडानं बिघडला. अख्ख्या सोसायटीत माझंच मूल असं!”

“रेश्मा, एडीएचडी लाडानं होत नाही. त्याच्या मेंदूचा ब्रेक उशिरा लागतो, लक्ष टिकत नाही, एवढंच. आणि तुझं एकटीचंच मूल असं आहे, हे तुला कुणी सांगितलं?”

“दिसतंच की!”

“दिसणार कसं? दर महिन्याला मी म्हणते, पालकांनी एकत्र बसू या. एकही जण येत नाही. सगळ्यांना मागचं दार हवं!”

“एडीएचडी? ही बारावीनंतरची परीक्षा असते ना?” साहिलनं विचारलं.

“गप रे!” जान्हवीनं त्याचं डोकं खाली दाबलं. वेदांत मात्र ऐकतच नव्हता. त्याची नजर वाटेकडे होती. दुसरी एक स्कूटर येत होती. ती जांभळाच्या झाडाखाली थांबली, आणि स्कार्फ बांधलेल्या बाई खोलीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“हेमलताकाकू!” वेदांत म्हणाला.

“हट्! कशावरून?”

“डावा इंडिकेटर बघ. पिवळी चिकटपट्टी. तो मीच तोडलाय!”

किमयाचं तोंड उघडंच राहिलं. “आई तर म्हणाली, ब्लाउज शिवायला टाकायला चाललेय...”

मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उमटत गेलं. “ही माझ्यासाठी येते? पण मी तर दंगा करत नाही. मी गप्पच असते!”

“तू गप्प असतेस, पण तू तिथं नसतेस,” वेदांत म्हणाला. “काल तुझी चप्पल गेटपर्यंत गेली.”

“गेली होती?”

जान्हवीच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. “म्हणजे रेश्माकाकू मागच्या दारानं जाणार, मग हेमलताकाकू पुढच्या दारानं येणार. एकाच सोसायटीत राहून दोघींना कधी कळणारच नाही! पण आपण सांगायचं नाही हं. दुसऱ्याचं गुपित फोडणं वाईट.”

“दुसऱ्याचं कुठंय?” किमया पहिल्यांदाच ठासून बोलली. “ते माझ्याबद्दल आहे आणि वेदांतबद्दल. आमचं आहे ते! काय रे?”

“हो! आमचंच! पण करायचं काय?”

“कोन हाय रं तितं?” मागून गर्जना झाली. हातात शेणाची पाटी घेऊन तुळजाबाई उभ्या होत्या! “खिडकीला कान लावून काय करताय? न्हाई तंगडी मोडली तर बगा!”

जान्हवीनं एका दमात सगळं सांगून टाकलं. तुळजाबाईंनी पाटी खाली ठेवली.

“व्हय का? आन मला कोडं पडलेलं! चांगल्या घरच्या बाया, तोंडं बांदून येत्यात आन माझ्या गोठ्यातल्या शेनातनं सँडल बरबटवत जात्यात. म्हनलं, ह्या चोऱ्या करत्यात का काय! पुडचं दार काय चावतंया व्हय?”

“आजी, ते मागचं दार आज बंद करता येईल? म्हणजे दोघी पुढच्या दारात भेटतील!” जान्हवीनं विचारलं.

“कडी मोडकी हाय,” तुळजाबाई म्हणाल्या. मग त्यांचे डोळे लुकलुकले. “पर म्हस हाय की!”

मैना म्हैस दारात आडवी उभी राहिली आणि दार दिसेनासंच झालं.

“वेदांत, तू फक्त दावं धरायचं,” जान्हवी म्हणाली. “फक्त धरायचं! दुसरं काहीही करायचं नाही!”

“शप्पथ!”

आणि त्यानं धरलंही, अगदी दोन्ही हातांनी. तेवढ्यात दार उघडलं. स्कार्फ बांधलेल्या रेश्माच्या नाकासमोर मैनेचं भलंमोठं ओलं नाक!

“आई गंऽऽ!”

“आई!” आईची किंकाळी ऐकून वेदांतनं दावं सोडलं आणि तो दाराकडे धावला. मैना बुजली. शेपटी वर करून ती चाळीला वळसा घालून थेट पुढच्या अंगणात! जांभळाखालच्या बाईंनी ते काळं धूड पाहिलं आणि “अगं बाई!” करत ओट्यावर उडी घेतली. त्याच क्षणी आतून रेश्मा पुढच्या दारानं बाहेर धावत आली. धडाम! दोन स्कार्फ एकमेकींवर आदळले.

मैनेनं ओट्याच्या पायरीशी पडलेली जांभळं हुंगली, आणि तिथंच ऐसपैस बैठक मारली. वाट बंद!

“हलवा ना तिला!” मागून धावत आलेल्या तुळजाबाईंना आणि मुलांना रेश्मा म्हणाली.

“आता ती तिच्या मनानं उठंल,” तुळजाबाई निवांत म्हणाल्या.

ओट्यावर दोघी अंग चोरून उभ्या. आवाज ओळखू येईल म्हणून दुसरी तर तोंडच उघडेना! अनुष्काताई दारात येऊन थबकल्या. जान्हवीनं योजना इथपर्यंतच आखली होती. पुढं काय, ते तिलाही माहीत नव्हतं.

वेदांतच्या जिभेचा ब्रेक मात्र नेहमीप्रमाणे लागलाच नाही.

“हेमलताकाकू, सॉरी! तुमचा इंडिकेटर मी तोडला होता!”

रेश्मानं सावकाश गॉगल काढला. “हेमलताताई? तुम्ही? इथं?”

“ते... ब्लाउज...”

“इथं ब्लाउज शिवतात?”

किमया पुढं झाली. “आई, मीही वेदांतसारखीच आहे का गं?”

हेमलताकाकू मटकन ओट्यावर बसल्या. स्कार्फ सोडला, तर गाल ओले. “मला वाटायचं, तू मुद्दाम करतेस. आळशी आहेस. किती बोलले मी तुला, बाळा...”

“आणि काल मला?” रेश्मानं विचारलं. “सगळ्यांसमोर?”

“सगळे तुझ्या मुलाकडे बघत असले की माझ्या मुलीकडे कुणी बघत नाही,” हेमलताकाकू खाली मान घालून म्हणाल्या. “वाईट आहे ते. पण तसंच आहे.”

रेश्मा हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. “मला तुमचा भयंकर राग आलाय. आणि खूप बरंही वाटतंय. आता मी करू काय?”

“दोन्ही,” अनुष्काताई म्हणाल्या. “बसून करा. तशीही म्हैस कुठं जाऊ देतेय?”

त्या दुपारी दोघी ओट्यावर बसून बोलत राहिल्या. दप्तर, डबे, दात घासणं, शाळेतून येणारे फोन. एक सांगायला लागली की दुसरी म्हणायची, “आमच्याकडे पण!” मैना केव्हाच उठून गेली होती, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“मग मी सोमवारी जायचं की नाही?” वेदांतनं मध्येच विचारलं.

रेश्मानं त्याला जवळ ओढलं. “नाही. कसं जमणार, मला माहीत नाही. पण नाही.”

“अभ्यासाला माझ्याकडे पाठव त्याला,” हेमलताकाकू म्हणाल्या. “आणि किमयाला तू घे. आपलं ऐकत नाहीत, दुसऱ्याच्या आईचं ऐकतील!”

“पोरांनू, शानी हाय तुमी,” तुळजाबाईंनी चौघांच्या ओंजळी जांभळांनी भरल्या. “पर पुन्यांदा माजी म्हस सोडली तर बगाच!” अनुष्काताईंनीही पाठ थोपटली. “मला जे वर्षभर जमलं नाही, ते तुम्ही केलंत. पण खिडकीला पुन्हा कान लावायचा नाही हं!” चौघांच्या माना खाली गेल्या.

सगळं लगेच सुरळीत झालं असं मात्र नाही. त्याच आठवड्यात वेदांतनं लिफ्टची सगळी बटणं दाबली, आणि किमया अभ्यासाला म्हणून निघून भलत्याच मजल्यावर जाऊन बसली. हेमलताकाकू आणि रेश्मा एकदा कडकडून भांडल्यासुद्धा. पण पालकांच्या पुढच्या बैठकीला जवळच्या जांबे गावातून एका मुलाचे बाबा आले, बिचकत, पुढच्या दारानं.

बालमित्रांनो, तुमच्या मजल्यावरही अशी एखादी काकू असेल, जी हल्ली कमी बोलते, जिच्या घरातून ओरडण्याचा आवाज येतो आणि मग बराच वेळ काहीच येत नाही. आज तिच्या दाराची बेल वाजवा. “काकू, तुम्ही बऱ्या आहात ना?” एवढंच विचारा. ती म्हणेल, “हो रे, मस्त!” तरी लगेच पळू नका. थोडा वेळ तिथंच उभे राहा.