पोटुशी पिसू

बाटली पाण्यात पडली, आणि तिला वाचवायला वाकलेला माणूसही तिच्यामागोमाग गेलाच असता. दाणा टाकणाऱ्या मुलीने त्याची कॉलर धरली, म्हणून वाचला.

"सांभाळून! आमच्या माशांना माणसं पचत नाहीत."

"पाणी जोखायला आलोय," तो ओशाळून म्हणाला.

"कुणाचं? तलावाचं की माझं?"

तो कानापर्यंत लाल झाला, आणि तिथेच सगळा घोटाळा सुरू झाला.

तलावात तिच्या वडिलांचे बारा पिंजरे होते. तरंगत्या पिंपांना बांधलेली जाळी आणि आत मासे. पिंजऱ्यांमुळे पाणी बिघडतंय का, हे पाहायला तो प्रयोगशाळेतून दर गुरुवारी येऊ लागला. तिने त्याचं नाव ठेवलं बाटलीवाले. चौथ्या गुरुवारी 'अहो'चं 'अरे' झालं. पाचव्या गुरुवारी बाटलीचं झाकण घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली... आणि सहाव्या गुरुवारी तिने ते ऐकलं.

दाण्याच्या शेडमागे तो फोनवर बोलत होता. "अरे, पिसू पोटुशी आहे! काय गोड दिसतेय... छे, पिंजऱ्यांपाशी ती टिकणार नाही. हे सगळं तिच्यासाठीच तर चाललंय."

पिसू! बायकोला पिसू म्हणतो मेला! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कशी असेल ती? गोरी असेल, नाजूक असेल, घरी बसून लाड करून घेत असेल. आणि आपण इथे माशांच्या वासात! तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

तो राग निघाला दाण्यावर. एकेका पिंजऱ्याला रोज तीन मापं पडायची. त्या आठवड्यात तिने सहा-सहा भिरकावली. मासे तरी किती खाणार? उरलेला दाणा तळाशी जाऊन कुजत राहिला.

पुढच्या गुरुवारी पाणी हिरवंगार झालं होतं. त्याने दोरीला बांधलेली पांढरी तबकडी सोडली, ती वीतभर खाली जाताच दिसेनाशी झाली. मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते.

"दाणा किती टाकलास?"

"मला काय विचारतोस? घरी जा. पोटुशी बायको वाट बघत असेल!"

"कोण बायको?"

"पिसू!"

त्याने तिला शेडमध्ये नेऊन सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. "पलीकडच्या काठाचं पाणी आहे. बघ."

काचेसारखा पारदर्शक, एवढासा जीव. एकच काळा डोळा, आणि पाठीत गोल गोल अंडी.

"पाणपिसू. शेवाळ खाते, पाणी निवळ ठेवते. तुझ्या पिंजऱ्यांपाशी मागच्या गुरुवारी बाटलीत वीस होत्या, आज दोन. दाणा कुजला की शेवाळ माजतं, पाण्यातली हवा संपते. आणखी दोन दिवस गेले असते तर मासे मेले असते."

तिचा चेहरा उतरला. वडिलांचे बारा पिंजरे, आणि आपण एका किड्यावर जळलो!

"आकडा खरा लिही," ती खाली बघत म्हणाली. "बाबांना मी सांगते."

"लिहितोच. चार दिवस दाणा बंद, मग निम्मा. पाणी सावरेल." त्याने फॉर्म पुढे ओढला आणि पेन थांबलं. "इथे 'कारण' असा रकाना आहे... काय लिहू?"

"लिही ना. मत्सर."

"कुणामुळे?"

"तुझ्यामुळे, बाटलीवाल्या! एवढंही कळत नाही?"

तो हसला नाही. त्याने 'जास्त दाणा' लिहिलं, आणि 'उपाय'च्या रकान्यात काहीतरी लिहून फॉर्म तिच्याकडे सरकवला.

दर गुरुवारऐवजी रोज येणे.

तिने दोनदा वाचलं. मग सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवून म्हणाली, "ये. पण या सवतीला गोड म्हणायचं नाही. निदान माझ्यासमोर तरी."