नाकाकडे बघा

इथे आखातात फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आला होता. अल रय्यानमधल्या आमच्या क्लिनिकसमोरचा रस्ता पुन्हा खणला होता आणि धुळीने डोळे चुरचुरणाऱ्यांची रीघ लागली होती. मी डोळ्यांची डॉक्टर. पण ओल्ड एअरपोर्ट भागात माझ्याच घरात एक पेशंट होता, जो मला डोळ्याला हात लावू देत नव्हता: नाशिकहून आलेले माझे वडील, पोपटराव.

नानांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा गाडीतून जाताना त्यांनी विचारलं, "मालविका, हे सगळे झेंडे काळे का गं?"

"मरून रंगाचे आहेत, नाना."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बाहेर बघितलं. पण ऑपरेशनचा विषय काढला की म्हणायचे, "सुईचं नाव काढू नकोस." त्यांच्या जिवलग मित्राचा डोळा ऑपरेशनमध्येच गेला होता.

त्या सुमारास मन्सूरचा फोन आला. हा मूळचा रत्नागिरीचा, प्रदर्शनं उभारायचं काम करतो. वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी तो जुन्या अरबी वैद्यकाचं प्रदर्शन मांडत होता. डोळ्यांचं दालन एकदा नजरेखालून घाला, म्हणाला. शुक्रवारी सकाळी नानांनाही घेऊन गेले. तेवढाच त्यांना बदल.

दालन अजून लोकांना उघडलं नव्हतं. ताज्या रंगाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास येत होता. खिडकीपाशी मन्सूरने वैद्याची जागा उभी केली होती. पेशंटसाठी बुटकी बैठक, उन्हाकडे तोंड करून. समोर वैद्याची उंच बैठक. बाजूला काचेच्या पेटीत एक बारीक पितळी सुई, आतून पोकळ. हजार वर्षांपूर्वी इराक-इजिप्तकडच्या वैद्यांनी अशा सुईने मोतीबिंदू ओढून घ्यायची युक्ती काढली होती. माझं महागडं यंत्र तरी शेवटी दुसरं काय करतं?

नाना दमून बुटक्या बैठकीवर टेकले. मन्सूर आणि मी आडोशापलीकडचं चित्र बघायला गेलो. परत आलो तर नाना उजवा डोळा तळहाताने झाकून ताठ बसले होते.

"गेले का ते?"

"कोण, नाना?"

"डॉक्टर. भला माणूस, बोटं मात्र गार. डावी पापणी अंगठ्याने वर केली आणि म्हणाले, नाकाकडे बघा."

मन्सूर हलक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, आत कोणी नाहीये. कुलूप मीच लावलंय."

"कुठल्या भाषेत बोलले?" मी विचारलं.

नाना विचारात पडले. "ते काही सांगता येत नाही. समजलं, एवढं खरं."

सुई घालण्यापूर्वी ते जुने वैद्य पेशंटला नाकाकडे बघायला सांगत, आणि नंतर डोळ्यावर गुलाबाच्या तेलात आणि अंड्याच्या बलकात भिजवलेली लोकर बांधत. मी ते कधीतरी वाचलं होतं. तिथल्या भिंतींवर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि असतं तरी नानांना दिसलं नसतं. नजर अधू झाली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो, हे मी पेशंटना नेहमी समजावते. तेच स्वतःला समजावलं. गार बोटांचं काय करायचं ते मात्र कळेना.

गाडीत बसता बसता नाना म्हणाले, "करून टाकू ऑपरेशन. पिकलाय म्हणाले."

घरच्या माणसावर शस्त्र चालवू नये म्हणतात. पण नाना दुसऱ्या कुणाच्या हाती जाईनात. पुढच्याच आठवड्यात सकाळी त्यांना टेबलावर घेतलं. भुलीसाठी नुसते थेंब; नाना जागे होते. मदतीला सितारा, आमची हैदराबादची नर्स.

"नाना, वर दिव्याकडे बघा."

डोळा दिव्याकडे गेला. मग हळूच नाकाकडे वळला.

"दिव्याकडे, नाना."

"तू दिव्याकडे म्हणतेस, ते नाकाकडे म्हणतात. कुणाचं ऐकू?"

सिताराला मराठी येत नाही. "अंकल क्या बोल रहे हैं?" तिने विचारलं.

"कुछ नहीं."

मी यंत्राच्या पेडलवर पाय ठेवला.

"थांब म्हणतात," नाना म्हणाले.

मी थांबले. का, ते आजही सांगता येणार नाही.

मायक्रोस्कोप जरा सरकवला आणि मग दिसलं. डोळ्यातलं भिंग एका बाजूने सुटलं होतं. त्याला धरून ठेवणारे तंतू तुटले होते. डोळा नाकाकडे वळला होता, म्हणूनच ती कड दिसली. तशीच पुढे गेले असते, तर भिंग मागे डोळ्याच्या तळाशी पडलं असतं.

मी पेडलवरचा पाय काढून घेतला. 

"नाकाकडेच बघा, नाना," मी म्हणाले.

सुटलेल्या बाजूला आधार देऊन मोतीबिंदू काढला, नवी लेन्स बसवली. डोळ्यावर गॉज ठेवून वरून चिकटपट्ट्या मी स्वतः लावल्या. नाना घरी शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिकमध्ये मी त्यांना समोर बसवलं. चिकटपट्ट्या जशाच्या तशा होत्या, एकही कड सुटलेली नव्हती. मी त्या एकेक करून सोडवल्या.

नानांनी डोळा उघडला. क्षणभर नुसते बघत राहिले.

"मोरपंखी," ते म्हणाले. "तुझी ओढणी मोरपंखी आहे." आणि रडू लागले.

मला त्यांच्याकडे बघवेना. मी हातातल्या पट्टीकडे बघत होते.

आत गॉज नव्हता. लोकरीचा एक पुंजका होता, पिवळा. नाकाशी धरला. गुलाबाचं तेल, आणि अंड्याचा बलक.

कडेने तो वाळून कडक झाला होता. मध्यभागी अजून ओला होता.